हुर्योचं बटण

परदेशातल्या टूनगॅबी नावाच्या उपनगरात मी राहायचो ते सुनीताताईंच्या घरामागच्या एका खोलीत. इथे अशा खोलीला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. बांधताना म्हाताऱ्या आईवडिलांचं नाव पुढे करायचं आणि बांधून झाली की विद्यार्थ्याला भाड्याने द्यायची, असा सगळ्या गल्लीचा रिवाज होता. आत एक खाट, एक शेगडी, उभं राहिलं की कोपर भिंतीला लागेल एवढं न्हाणीघर, आणि खिडकीतून समोर दिसायचा तो कपडे वाळत घालायचा गोल फिरणारा लोखंडी सांगाडा. वारा सुटला की तो करकरायचा. लॉकडाऊन लागला, आमचे विद्यापीठातले मित्र कोणी शेवटच्या विमानाने घरी गेले, कोणी दुसऱ्या शहरात, ट्रुगानिनाला, भावाकडे जाऊन राहिले, आणि मी तेवढा त्या करकरीसोबत मागे उरलो. कित्येक दिवस असे गेले की संध्याकाळी फोनवर आईशी बोलायला तोंड उघडावं तर घशातून आवाजच फुटू नये. सकाळपासून वापरलाच नव्हता ना.

सुनीताताई मूळच्या पुण्याच्या. एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होत्या आणि घरात दहा वर्षांची आर्या नावाची मुलगी. आर्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही पाठ फिरवून. खोली बघायला गेलो तेव्हा ताईंनी पहिल्यांदा गाव विचारलं, मग शिक्षण, मग आडनाव. मी रामटेके म्हणालो. "अच्छा, रामटेके," त्या म्हणाल्या आणि किंचित थांबल्या. ते थांबणं मला लहानपणापासून ओळखीचं आहे. डोळ्याची पापणी लवते तेवढंच असतं, पण तेवढ्यात समोरच्या माणसाचा सगळा हिशोब मांडून होतो. पण खोली मिळाली. शिवाय दर रविवारी सकाळी दारावर टकटक व्हायची, आणि मी उघडेपर्यंत ताई मागे सरून त्या कपड्यांच्या सांगाड्यापाशी उभ्या असायच्या. पायरीवर प्लास्टिकच्या डब्यात मटकीची उसळ किंवा पोहे. "डबा परत देऊ नकोस हं सुगत, टाकून दे!" मास्कच्या आडून त्या ओरडून सांगायच्या. आता तो कोविड होता की माझं आडनाव, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. सगळी दुनिया एकमेकांपासून हातभर लांब उभी राहायला शिकत होती, त्यात कोण नव्याने शिकतंय आणि कोणाला आधीपासून येतंय हे कसं ओळखायचं? उसळ मात्र त्या मनापासून करायच्या. फक्त पुण्याच्या रिवाजाने तिच्यात एवढा गूळ असायचा की मी वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून आणलेलं लाल तिखट चमचाभर घातल्याशिवाय आम्हा नागपूरकरांच्या घशाखाली ती उतरत नसे.

माझं शिक्षण क्रीडा व्यवस्थापनाचं. घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि पदवी कसली, तर खेळांची! नागपुरातल्या आमच्या वस्तीत हे कोणालाच समजावता यायचं नाही. खेळायला कशाला कॉलेज लागतं, असं आमचे शेजारी अगदी साळसूदपणे विचारत. मग टीव्हीवर सामने दाखवणाऱ्या एका कंपनीत मी उमेदवारी करू लागलो आणि आईचा प्रश्न सुटला. "माहा पोरगा टीव्हीत आहे," एवढं तिला पुरे होतं. पुढे महामारीत सामने थांबले, कंपनीने निम्मी माणसं घरी बसवली, आणि मीही पंधरवडाभर एका गोदामात खोकी चिकटवून आलो. सामने पुन्हा सुरू झाले ते रिकाम्या मैदानावर. आता कोणाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. हजारो खुर्च्या, त्यात एकही माणूस नाही, आणि मधोमध सव्वीस जण जिवाच्या आकांताने एकमेकांना पाडतायत.

इथे ज्याला फुटी म्हणतात त्या रग्बीसारख्या खेळाचे नियम मला कोणी शिकवले नाहीत. पहिलाच सामना बघितला आणि मी म्हणालो, अरे, ही तर चेंडू घेतलेली कबड्डी! एकाने समोरच्या माणसांच्या भिंतीवर धावून जायचं, चार-पाच जणांनी त्याला कमरेला-पायाला धरून लोळवायचं. बाबा कबड्डी खेळायचे. भीमजयंतीच्या स्पर्धेत वस्तीच्या मैदानावर लाउडस्पीकर सांभाळायचं काम दरवर्षी माझ्याकडे असायचं, त्यामुळे गर्दीचा आवाज कधी वर चढतो, कधी गळ्यात अडकतो, हे माझ्या कानात बसलेलं होतं. रिकाम्या मैदानावरचे पहिले सामने लोकांना घरी बघवेनात. हाडावर हाड आपटल्याचे आवाज आणि खेळाडूंच्या शिव्या थेट दिवाणखान्यात यायला लागल्या. तेव्हा वरून ठरलं की आवाज आपण भरायचा. आमचा प्रोड्युसर ग्रेग माझ्याकडे आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, मनाने चांगला माणूस. "सुगत, क्राउड करशील का? तू इंडियन आहेस, मेट, गर्दी तुला कळत असणार." मला हसूच आलं. पण खरं सांगायचं तर मला ती कळत होती.

मैदानाबाहेर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये माझी जागा. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पारदर्शक भिंती, कानावर हेडफोन, आणि समोर रबरी चौकोनी बटणांची एक पेटी. प्रत्येक बटणामागे जुन्या सामन्यांतून काढून ठेवलेला एकेक आवाज. बटण दाबलं की तो आवाज फक्त टीव्हीवर जायचा. मैदानात काहीच ऐकू यायचं नाही, तिथे खेळाडू, पंच आणि समुद्रपक्षी. बटणांवर इंग्रजी नावं होती, पण ऐन वेळी बोटं अडखळायची. मग मी चिकटपट्ट्या लावून त्यावर मराठीत लिहिलं, 'बू'ला 'हुर्यो' असं. कुजबुज. उसासा. अरेरे. टाळ्या. गलका. हुर्यो. त्यानंतर एकदाही चुकलो नाही. मनात शब्द आला की बोट तिथे पोहोचलेलं असायचं. ग्रेग ते बघून म्हणाला होता, "काय आहे हे? कोणीतरी दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतंय." त्याला माझं काम आवडायचं. हंगाम संपल्यावर असिस्टंट प्रोड्युसरची एक कायमची जागा निघणार होती आणि ती तुलाच, असं त्याने स्वतःहून सांगितलं होतं. त्या जागेवर माझा व्हिसा अवलंबून होता. शिकलेल्या क्षेत्रातलं काम नसेल तर पुन्हा गोदाम, आणि गोदामातून सरळ परतीचं विमान.

आईला फोन केला की आधी तिचा जय भीम, मग जेवला का, आणि मग न चुकता एक तक्रार. "टीव्हीत आहे म्हणतो, मंग दिसत काऊन नाही?"

"मी दिसत नाही आई, मी ऐकू येतो."

मावसभावाने एकदा तिला मोबाइलवर सामन्याचा तुकडा दाखवला. ती घाबरलीच. "येवढे लोकं? कोरोनात? त्याइले कोणी हाकलत नाही का?" मी सांगितलं, आई, ते सगळे लोक मीच आहे. ती बराच वेळ हसत होती. मीही हसलो, आणि फोन ठेवल्यावर खोली एवढी गप्प झाली की मला बसवेना.

त्या गप्पपणावर मी एक उपाय काढला होता, तो आज पहिल्यांदा सांगतोय. कुजबुजीची फाइल मी लॅपटॉपवर आणून ठेवली होती. सामना सुरू व्हायच्या आधी स्टेडियम भरत असतं, तेव्हाचा आवाज. कोणी कोणाला हाक मारतंय, कोणाचं लहान मूल रडतंय, कोणी खोकतंय, एकही शब्द कळत नाही पण माणसं आहेत. भात लावला की मी ती हळू आवाजात सुरू करायचो आणि तिच्यात बसून जेवायचो. वरण-भात, लोणचं आणि वीसेक हजार माणसं. एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. ताई आपल्या नेहमीच्या अंतरावर उभ्या, पण या वेळी हात कमरेवर.

"सुगत, तुझ्याकडे कोणी आलंय का? बरीच माणसं वाटतायत. नियम आहेत हं, दंड मला होईल."

"नाही ताई, एकटाच आहे."

त्यांनी मान वाकडी करून माझ्या मागे बघितलं. खाट, शेगडी, एक ताट. लॅपटॉपमधून कोणीतरी लांबवर शिट्टी मारली. ताईंच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. "बरं, बरं," म्हणाल्या आणि गेल्या. त्या रविवारी पोह्यांसोबत शिरा होता. मला मात्र इतकी लाज वाटली होती की पुढे बरेच दिवस मी कुजबुज लावलीच नाही.

आता वेसबद्दल सांगतो. वेस हा कडेने धावणारा खेळाडू, इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आत कुठेतरी दूरच्या छोट्या गावातून आलेला. कोविडच्या आदल्या हंगामात एका मुलाखतीत त्याने, गॅलरीतून आपल्याला कायकाय म्हणून हाका मारतात ते सांगून टाकलं होतं. झालं. तेव्हापासून दुसऱ्याच्या मैदानावर त्याच्या हाताला चेंडू लागला की हुर्यो. विचारलं तर लोक म्हणायचे, त्याच्या रंगाचं काही नाही हो, तो रडका आहे म्हणून. हे वाक्य ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं. जातीचं काही नाही हो, पण... असं सुरू होणारं मराठी वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल! रिकामी मैदानं आली आणि वेसला त्या मुलाखतीनंतर पहिल्यांदा शांततेत खेळायला मिळालं. काय खेळायला लागला तो! पडद्यावर त्याला धावताना बघून मी बटणं विसरायचो.

मग एका शनिवारी दुपारी, सामन्याला थोडा वेळ असताना, ग्रेग माझ्या प्लास्टिकच्या भिंतीपाशी आला. वरून फोन आला होता. आवाज खोटा वाटतो अशा प्रेक्षकांच्या तक्रारी आहेत, म्हणाला. "आज वेस परक्या मैदानावर आहे. इथली माणसं असती तर त्यांनी त्याला बू केलं असतं. म्हणून त्याला चेंडू मिळाला की बू दे. मोठा नको, मागून ऐकू येईल एवढाच."

मी म्हणालो, "पण ग्रेग, इथे कोणीच नाहीये."

"मेट, आपण फक्त जे असतं तेच दाखवतोय," तो म्हणाला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

मी त्याच्या बोलण्याचा नीट विचार केला. आजही करतो. हजार माणसं हुर्यो उडवतात तेव्हा प्रत्येकाला मागे लपायला उरलेले नऊशे नव्व्याण्णव असतात. इथे मी एकटा होतो. मी बटण दाबलं की ती हुर्यो माझी होती, रामटेके सुगतची, वस्तीतून शिकून आलेल्याची. वेसला पहिल्यांदा चेंडू मिळाला. माझं बोट हललं नाही. हेडफोनमध्ये ग्रेग म्हणाला, "बू, सुगत." दुसऱ्यांदा मिळाला. मी कुजबुज तेवढी चालू ठेवली. "सुगत, ऐकू येतंय ना? बू." तिसऱ्या वेळी त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तो भिंतीला वळसा घालून, मास्क सारखा करत, थेट माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. कित्येक आठवड्यांत एवढ्या जवळ कोणी आलं नव्हतं. त्याच्या शर्टाला कपडे धुण्याच्या पावडरीचा वास होता, तो मला अजून आठवतो.

"कुठलं आहे ते?" वाळत घातलेल्या माझ्या अक्षरांवरून हात फिरवत त्याने विचारलं. पडद्यावर चेंडू हातोहात कडेच्या दिशेने चालला होता. मी बोट ठेवून दाखवलं. "हे."

त्याने दाबलं. तो गलका होता, आमच्याकडचा सगळ्यात मोठा. अंतिम सामन्यात घरच्या संघाने बाजी मारली तेव्हाचा. वेसने चेंडू घेतला, कडेने पळत सुटला, आणि त्या परक्या मैदानावरचे न आलेले सगळे लोक त्याच्यासाठी उभे राहून ओरडायला लागले. ग्रेगला वाटलं बटण नीट दाबलं गेलं नाही. त्याने पुन्हा दाबलं. गलका दुप्पट झाला. समालोचक बिचारे दूर स्टुडिओत हेडफोन लावून बसलेले, ते क्षणभर गडबडले आणि मग एक जण म्हणाला, "इथल्या प्रेक्षकांनी वेसला माफ केलेलं दिसतंय!" माफ? अरे बाबा, कशाबद्दल? रेषेच्या थोडं अलीकडे वेसला तिघांनी लोळवलं. गुण काही मिळाला नाही. तो उठला, दातांवरचं रबरी कवच नीट बसवलं, शेजारून चालणाऱ्या एका पक्ष्याला वाट दिली आणि आपल्या जागेवर गेला. त्याच्यापुरतं मैदान गप्पच होतं.

सामना संपेपर्यंत पेटी मीच चालवली, कारण ती अक्षरं दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हती. नंतर ग्रेगने मला ट्रकमागे बोलावलं. मास्क हनुवटीवर ओढलेला, चिडलेला कमी आणि दमलेला जास्त. "तू मला चुकीचं बटण दाखवलंस."

"हो."

त्याने ट्रकचं दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चुकून झालं, असं म्हण, मेट. नवीन पेटी, घाई, काहीही. मी वरती सांभाळून घेतो."

ते एक वाक्य बोललो असतो तर जागा माझी होती, व्हिसा माझा होता. आईने वस्तीत सांगितलेलं सगळं खरं ठरलं असतं. मला खूप भीती वाटली, हे लपवत नाही. पण चुकून म्हटलं असतं तर पुढच्या शनिवारी बरोबर बटण दाबायची कबुली त्यातच आली असती. मी म्हणालो, "नाही ग्रेग. चुकून नाही."

"नो वरीज," तो म्हणाला. या देशात नो वरीजचे किती अर्थ होतात ते मला त्या दिवशी कळलं. सोमवारी कामाची यादी आली, तिच्यात मी नव्हतो. शनिवारी दुपारी मी मोबाइलवर सामना लावला. पेटीवर दुसरा कोणीतरी होता. वेसला चेंडू मिळाला आणि मागून, फार मोठी नाही, ग्रेगने सांगितली होती तेवढीच, हुर्यो आली. अगदी वेळेवर आली. मोबाइल उलटा ठेवून मी खाटेवर बसून राहिलो. बाहेर आर्या त्या सांगाड्याला लोंबकळून गोल फिरत होती. नोकरी गेली होती, आणि वेसच्या आयुष्यात माझ्यामुळे काडीचाही फरक पडला नव्हता. एवढं एकटं मला त्या सबंध महामारीत वाटलं नाही. पुढे गोदाम आलं, मग फिरून खेळाच्याच धंद्यात शिरायला मला किती उंबरे झिजवावे लागले ते वेगळंच. पण त्या दुपारी पुढचं काही दिसत नव्हतं.

मी आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती भाजी फोडणीला टाकत होती. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, निदान वस्तीत काय तोंड दाखवू म्हणेल. तिकडे शेगडी बंद केल्याचा आवाज आला.

"त्या पोराले आयकू येत होतं का?" तिने विचारलं.

"नाही ना आई! तेच तर. मैदानात आवाजच नसतो. त्याला बूही ऐकू येत नाही आणि टाळ्याही नाही. त्याला काही कळलंच नाही. उगाच केलं मी."

ती म्हणाली, "लग्न झालं त्याच वर्षी तुहे बाबा एका गावात खेळायले गेले होते. मीबी गेली होती, लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन, बायाइच्या घोळक्यात उभी. ते चढाईले निघाले का सगळं गाव हुर्यो करे. जातीचं नाव घेऊन करे, आईबहिणीवरून करे. ते कबड्डी कबड्डी म्हणत जायचे, त्याइले सोताच्या आवाजाबिगर काहीच आयकू येत नव्हतं. जिंकून आले, घामानं डबडबलेले, हासत मले विचारलं, कसा खेळलो? मी म्हटलं, चांगले खेळले."

"तू त्यांना कधीच सांगितलं नाहीस?"

"कायले सांगू? खेळले ते. आयकलं मी."

आईने नाक ओढलं, आणि पुन्हा शेगडी पेटवल्याचा आवाज आला.

"त्या पोराची माय घरी टीव्ही पायत असन ना रे," ती म्हणाली. "एक दिवस तरी तिच्या कानावर बरं पडलं असन."